लॉगमध्ये काहीच नाही

रीडिप्लॉय मारल्यावर पहिली पाच मिनिटं सगळे खुशीत असतात. सर्व्हर वर आलेला असतो, लॉगिनचं पान उघडत असतं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी अंगठाही टाकलेला असतो. मग टेस्टिंगवाली पहिलं बटण दाबते आणि पांढऱ्या पानावर ५०० हा आकडा उमटतो. ५०० म्हणजे सर्व्हरला आतून काहीतरी झालंय. काय झालंय, ते तो चारचौघांत सांगत नाही. घरातल्या माणसांसाठी ते लॉगमध्ये लिहून ठेवतो, अशी निदान समजूत असते.

"सर, लॉगमध्ये काहीच नाहीये."

"मग चांगलंय की!"

"नाही सर, स्क्रीनवर ५०० येतंय. लॉग तेवढा कोरा आहे."

"अगं, असं कसं होईल? नीट बघ. टेल लावलीयेस ना?"

टेल लावलेली असते. काळ्या खिडकीत कर्सर लुकलुकत असतो आणि त्याखाली एक अक्षर हलत नसतं. हिंजवडी असो, मगरपट्टा असो, नाहीतर अमेरिकेतल्या एडिसनमध्ये ऑनसाइट गेलेला मराठी मुलगा असो, इथून पुढे सगळ्यांची कथा एकच. चूक शोधायचं काम बाजूला पडतं आणि चुकीची नोंद शोधायचं काम सुरू होतं. चूक एकदा दिसली की ती दुरुस्त करायला बहुधा फार वेळ लागत नाही. रात्र जाते ती नोंद शोधण्यात.

रीडिप्लॉय म्हणजे चालतं अ‍ॅप्लिकेशन थांबवून त्याच जागी नवी आवृत्ती चढवणं. बदल नेहमी एका ओळीचा असतो. 'फक्त लेबल बदललंय' असं सांगूनच तो मंजूर करून घेतलेला असतो. पण त्या ओळीबरोबर सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो, कुठली तरी नवी जार फाइल आत शिरते, आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवरची कॉन्फिग पॅकिंगमध्ये गुपचूप येऊन बसते. ती लॅपटॉपवर ज्या फोल्डरमध्ये लॉग लिहायची, तो फोल्डर सर्व्हरवर नसतो.

टॉमकॅटचंच बघा. जावाच्या जगात घरोघरी असलेला हा सर्व्हर. त्याच्या लॉग फोल्डरमध्ये कॅटलिना डॉट आउट नावाची एक भलीमोठी फाइल असते. सगळे तिच्यावरच तुटून पडतात. तिच्याशेजारी रोजच्या तारखेची कॅटलिनाची वेगळी फाइल असते आणि लोकलहोस्ट नावाची आणखी एक. अ‍ॅप्लिकेशन सुरू होतानाच आपटलं, तर जुना टॉमकॅट मुख्य लॉगमध्ये 'एरर लिसनरस्टार्ट' एवढंच लिहायचा आणि खाली पुस्ती जोडायचा: आधीच्या चुकांमुळे सुरुवात फसली. आधीच्या कुठल्या चुका? त्या फाइलमध्ये तर आधी काहीच नसायचं. सगळा तपशील बापडा लोकलहोस्टच्या फाइलमध्ये पडून असायचा. ती उघडायची कुणाला सवय नसते, कारण नाव ऐकून वाटतं, ही आपल्या मशीनची असणार. नव्या आवृत्त्या थोड्या सुधारल्यात. पूर्ण माहिती योग्य त्या लॉग फाइलमध्ये मिळेल, असं त्या आता सांगतात. योग्य ती कोणती, हे सांगत नाहीत. सरकारी परिपत्रकाची भाषा संगणकाला कुणी शिकवली, याचा शोध घ्यायला हवा.

याच्या पुढचा प्रकार म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. कॉन्फिगमध्ये लॉगचा पत्ता लिहिलेला असतो 'लॉग्ज' फोल्डर, त्यातली 'अ‍ॅप डॉट लॉग'. सुरुवातीची तिरकी रेघ नसते. म्हणजे पत्ता अर्धवट: जिथे उभं राहून सर्व्हर सुरू केला, तिथून पुढे. काल अ‍ॅडमिनने टॉमकॅटच्या मुख्य फोल्डरमध्ये उभं राहून तो सुरू केला होता. आज तो बिनमध्ये शिरला आणि तिथूनच स्टार्टअप मारलं. आता बिनच्या पोटात नवा लॉग्ज फोल्डर तयार झालाय आणि त्यात एक्सेप्शनांचा पाऊस पडतोय. इकडे सहा माणसं कॉलवर बसून कालच्या फाइलकडे डोळे लावून आहेत. त्याच अ‍ॅडमिनने घाईत रूट म्हणून सर्व्हर चालू केला असेल तर आणखी मजा. लॉग फाइल रूटच्या मालकीची होते आणि पुढच्या वेळी टॉमकॅटच्या साध्या युजरला तिच्यात लिहायची परवानगीच राहत नाही. परवानगी नाही ही तक्रारही कुठेतरी नोंदवली जाते. तिथे कुणी बघत नाही.

फाइल सापडली तरी वेळ जुळत नाही. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतात, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे. काम भारतीय बँकेचं असेल, तर बिल्ड चढतो मध्यरात्रीनंतर. रात्री एक वाजता एरर येतो आणि लोक आजच्या तारखेची फाइल शोधायला लागतात. ती नसते, कारण सर्व्हरच्या लेखी अजून कालची संध्याकाळ चालू आहे, साडेसात वाजलेत. त्याची तारीख बदलते आपल्या पहाटे साडेपाचला, काकड आरतीच्या सुमारास. तोवर ट्रेनी पोरं 'आजची फाइलच तयार होत नाहीये' अशी नवी तक्रार नोंदवून मोकळी झालेली असतात.

डिस्क भरलेली असेल तर वेगळाच तमाशा. कुणीतरी हुशारी करून अनेक जीबींची जुनी लॉग फाइल आरएम मारून उडवलेली असते. लिनक्समध्ये असं उडवल्याने फाइलचं नाव जातं; तिला उघडून बसलेला सर्व्हर मात्र तीच फाइल धरून असतो आणि त्या बिननावाच्या फाइलमध्ये इमानेइतबारे लिहीत राहतो. डीएफ म्हणतं डिस्क भरलीय, डीयू म्हणतं रिकामी आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. एलएसओएफ चालवलं की त्या फाइलपुढे 'डिलीटेड' असा शेरा दिसतो. सर्व्हर चालू असेपर्यंत प्रॉक फोल्डरमधून ती वाचतासुद्धा येते. पण हे ज्याला माहीत असतं, तो कॉलवर येईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट केलेला असतो. डिस्क मोकळी, पुरावाही मोकळा.

एवढं होऊनही लॉग कोरा असेल, तर लिहिणाऱ्याकडेच बघावं लागतं. जावामध्ये लॉग लिहिणारे एक नाहीत. जेकी गुल्जू या प्रोग्रामरने लॉगफोरजे बनवलं आणि ते लोकप्रिय झालं. मग २००२ साली जावानेच १.४ आवृत्तीत स्वतःचं लॉगिंग आणलं. या दोघांत मध्यस्थी करायला कॉमन्स लॉगिंग होतं. पण मध्यस्थाचाच जाच होतोय असं वाटून गुल्जूंनी एसएलएफफोरजे हा नवा मध्यस्थ आणला आणि त्याच्या जोडीला लॉगबॅक. आज कुठलीही जुनी वॉर फाइल उघडली, तर ही सगळी भावकी एकत्र नांदताना दिसते. त्यांना जोडायला पुलाच्या जार असतात. पूल दोन्ही दिशांचे बांधले गेले, की तालुक्याच्या कचेरीतला कारभार सुरू होतो: चार नंबरच्या टेबलावर गेलं की सातकडे पाठवतात, सातवाले म्हणतात, चारकडूनच सही आणा. निरोप असा फिरत राहतो आणि शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो होऊन प्रोग्राम पडतो. पडल्याची नोंद करायची ती कोणत्या टेबलावर, असा प्रश्न मग उरतो.

आणि जोडणारी जार पॅकिंगमध्ये राहूनच गेली तर? मग एसएलएफफोरजे सुरुवातीलाच, एकदाच, कन्सोलवर सांगतं की लिहिणारा कुणी सापडला नाही, तेव्हा नो-ऑपरेशन लॉगर वापरत आहोत. हा लॉगर प्रत्येक निरोप अदबीने स्वीकारतो आणि त्याचं काहीही करत नाही. बऱ्याच खात्यांत त्याला बढती मिळाली असती.

लॉगिंगवाल्यांचा उत्साह उलट बाजूनेही अंगाशी येतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेच्या दुसऱ्या पिढीत जी खोट उघड झाली, तिला लॉगफोरशेल म्हणतात. ज्या लायब्ररीने आलेला मजकूर फक्त उतरवून घ्यायचा, ती त्यातल्या विशिष्ट खुणा वाचून आज्ञा पाळायची आणि बाहेरून कोड आणून चालवायची. माइनक्राफ्ट खेळात चॅटमध्ये एक ओळ टाकली की सर्व्हर ताब्यात. गांभीर्याच्या पट्टीवर तिला १० पैकी १० मिळाले. त्या एका महिन्यात दुरुस्तीच्या चार आवृत्त्या आल्या, म्हणजे जगभर चार वेळा रीडिप्लॉय. ज्यांनी आळसाने २०१५ मध्येच मुदत संपलेलं लॉगफोरजे १ वापरात ठेवलं होतं, त्यांना या विशिष्ट खोटीची झळ लागली नाही. 'आम्ही मुद्दामच अपग्रेड केलं नव्हतं' असं सांगत ते लोक पुढे बरेच दिवस ऐटीत हिंडले.

खरी मूग गिळणारी मंडळी मात्र लायब्ररीत नसतात, आपल्याच कोडमध्ये असतात. जावात चूक पकडायला कॅच नावाचा कंस असतो. पकडलेल्या चुकीचं काय करायचं ते त्यात लिहायचं. पुष्कळ जुन्या कोडमध्ये त्या कंसात काहीच नसतं, नाहीतर एक कॉमेंट असते: 'असं कधी होणार नाही.' तिच्या शेजारी तारीख असते आणि लिहिणारा केव्हाच नोकरी बदलून गेलेला असतो. जरा बरा प्रोग्रामर 'एरर' या शब्दाला चुकीचा संदेश जोडून लॉगमध्ये टाकतो. नल पॉइंटरच्या बाबतीत तो संदेश बहुधा रिकामाच असायचा. त्यामुळे लॉगमध्ये ओळीमागून ओळी दिसायच्या: 'एरर: नल'. ताकास तूर लागू द्यायची नाही, ती अशी. नेमकी कोणती गोष्ट नल होती हे जावाने स्वतःहून सांगायला सुरुवात केली ती मार्च २०२० च्या १४ व्या आवृत्तीत, तेही आधी मागितलं तरच. भाषा बाजारात आली होती १९९६ च्या जानेवारीत. चोवीस वर्षं लोकांनी अंदाजावर काढली.

आणि एक गंमत अशी आहे की ती समजल्यावर अनुभवी माणसंही दोन मिनिटं गप्प होतात. ओरॅकलच्या हॉटस्पॉट जावाला एकच नल पॉइंटर पुन्हा पुन्हा यायला लागला की कंटाळा येतो. कोडचा तो भाग त्याने एकदा जोरात ऑप्टिमाइझ केला की पुढे तो चूक तेवढी फेकतो, तिचा स्टॅकट्रेस टाकून देतो. वेग वाढावा म्हणून ही सोय २००४ च्या जावा ५ पासून आहे. लॉगमध्ये मग फक्त चुकीचं नाव येतं. कुठली फाइल, कुठली ओळ, काही नाही. महिनोन्‌महिने या नावांकडे कुणी लक्ष देत नाही, कारण त्यांतून काही कळतच नाही. मग रीडिप्लॉय होतो. सर्व्हर ताजा सुरू होतो, ऑप्टिमायझेशन नव्याने व्हायचं असतं, म्हणून तीच जुनी चूक आता साग्रसंगीत पन्नास ओळींचा स्टॅकट्रेस घेऊन अवतरते. मॅनेजर म्हणतो, "बघा, नव्या बिल्डने काय करून ठेवलंय!" बिचाऱ्या नव्या बिल्डने फक्त खिडकी उघडलेली असते. ओमिट स्टॅकट्रेस इन फास्ट थ्रो नावाची ही सोय वजाचं चिन्ह लावून बंद करता येते. बंद करा, असा सल्ला द्यायला इथे काही हरकत नाही.

उलटाही प्रकार होतो. एखादा क्लास पहिल्यांदा सुरू होतानाच फसला, की खरं कारण त्या पहिल्या वेळी लिहिलं जातं. जुन्या जावात त्यानंतर दर वेळी 'क्लास सुरू करता आला नाही' एवढाच निरोप. माणसं बघतात शेवटच्या ओळी; तिथे हजार प्रतिध्वनी असतात. मूळ आवाज सकाळी सव्वानऊला उमटून गेलेला असतो आणि फाइल रोटेट होताना तो घडीत गेलेला असतो.

ही सगळी थट्टा दोन-चार तासांच्या झोपेवर निभावते. दर वेळी तसं होत नाही.

४ जून १९९६ ला फ्रेंच गियानातल्या कुरू इथून एरियान ५ हा नवा कोरा अग्निबाण पहिल्यांदा निघाला. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ वरून जसंच्या तसं उचललं होतं; तिथे ते उत्तम चालत होतं. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त होता. ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांत मावेना आणि एक्सेप्शन आलं. राखीव संगणकात तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तो क्षणभर आधीच तसाच बंद पडला होता. मुख्य संगणकाने बंद पडताना शिस्तीने निदानाची माहिती बाहेर पाठवली, म्हणजे आपल्या भाषेत एक्सेप्शनचा लॉग. उड्डाण चालवणाऱ्या संगणकाने ती वाचली आणि तीच दिशेची माहिती आहे असं समजून नळकांडी पार एका बाजूला वळवली. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून चाळीसेक सेकंदांत, चार किलोमीटरच्या आतच, चार क्लस्टर उपग्रहांसह सगळं फुटलं. चौकशी समितीच्या अहवालातली खरी कळ पुढे आहे. ज्या हिशेबात हे एक्सेप्शन आलं, त्याचा अग्निबाण उडाल्यावर काही उपयोगच नव्हता. एरियान ४ च्या वेळची गरज म्हणून तो उड्डाणानंतरही काही काळ चालू राहायचा. नव्यात तो तसाच आला. सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना दिलं नव्हतं, कारण संगणकावर फार भार पडू द्यायचा नव्हता.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या शेअर बाजारातली. १ ऑगस्ट २०१२ च्या आधी नाइट कॅपिटल या दलाल कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायला घेतला. सातांवर चढला, आठव्यावर राहिला. दुसऱ्या कुणी तपासायची पद्धत नव्हती. आठव्या सर्व्हरवर पॉवर पेग नावाचा, कैक वर्षं न वापरलेला जुना कोड झोपला होता, आणि नव्या कोडने त्याचाच जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला होता. सकाळी ८ च्या सुमारास त्यांच्या यंत्रणेने स्वतःहून ई-मेल पाठवायला सुरुवात केली: एरर, पॉवर पेग डिसेबल्ड. बाजार उघडण्याआधी असे ९७ ई-मेल गेले. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने नंतर लिहून ठेवलंय की ते ई-मेल धोक्याची सूचना म्हणून बनवलेलेच नव्हते आणि सहसा कुणी ते बघत नसे. साडेनऊला घंटा वाजली. २१२ साध्या ऑर्डरींपोटी पाऊण तासात चाळीस लाखांवर सौदे झाले आणि कंपनीचं ४६ कोटी डॉलर्सहून अधिक नुकसान झालं. मधल्या गडबडीत लोकांनी सात चांगल्या सर्व्हरांवरून नवा कोड काढून जुना ठेवला. म्हणजे एका सर्व्हरचं दुखणं आठांना लागलं.

त्या सकाळी लॉगमध्ये काहीच नाही असं कुणाला म्हणता आलं नसतं. ९७ वेळा लिहिलेलं होतं, नावानिशी, बाजार उघडायच्या आधी. लिहिलेलं आहे हे ठाऊक असणारा माणूस तेवढा नव्हता.

तेव्हा पुढच्या वेळी बिल्ड चढवला की घरी निघण्याआधी मुद्दाम एक एक्सेप्शन फेकून बघा. त्यासाठी एक छोटं चाचणीचं पान ठेवा. चूक कोणत्या फाइलमध्ये उतरली, वेळ यूटीसीची आहे की आपली, 'कॉज्ड बाय' खालचं खरं कारण सगळं आलं की मध्येच कापलं गेलं, कुणाच्या फोनवर सूचना वाजली, आणि सगळ्या सर्व्हरांवर हेच घडलं का, एवढं बघा. दहा मिनिटं लागतात. आणि ते चाचणीचं पान नंतर आठवणीने काढून टाका.